आण्णांचं इमिजेटली

आमच्या ऑफिसात येणारं प्रत्येक पत्र घाईत असायचं. घाईत नसायचे ते एकटे मगदूम आण्णा.

ऑफिस म्हणजे निपाणीतल्या एका शिक्षणसंस्थेचं मुख्य कार्यालय. आजूबाजूच्या खेड्यांत संस्थेच्या मराठी शाळा. खात्याकडून पत्रं यायची ती कानडीत, वरच्या ऑफिसातले काही कागद इंग्रजीत, आणि ती ज्यांना कळायला हवीत ते मुख्याध्यापक मराठी. या तिन्हींच्या मधोमध आण्णांचं टेबल होतं. हुद्द्यानं ते साधे आवक-जावक कारकून. पण खेड्यावरून आलेला मुख्याध्यापक चेअरमनच्या खोलीकडे न बघता आधी त्यांच्या टेबलाशी यायचा, हातातला कागद पुढे करायचा आणि म्हणायचा, "आण्णा, ह्यात काय म्हटलंय बघा जरा."

आण्णा कागद खालून वर वाचायचे. आधी सही, मग तारीख, मग मजकूर. चष्मा कपाळावर ढकलून, कागद नाकाला लावून. मी एकदा कारण विचारलं तर म्हणाले, "सही कुणाची हाय बघितल्याबिगर मजकुराला किती भ्यायचं ते कसं कळणार?"

मी नोकरीला लागले ती टायपिस्ट म्हणून. बोरगावहून रोज बसनं यायचं, संध्याकाळी तशीच परत जायचं. शाळा मराठीत, कॉलेज बेळगावला, आणि इंग्रजी शब्दकोशात जे लिहिलंय तेच जगात चालतं अशी माझी त्या वेळी पक्की समजूत. पहिल्याच आठवड्यात एक पत्र माझ्या हाती आलं. वर लाल शिक्का, 'तुर्तु', म्हणजे कानडीत तातडीचं. खाली इंग्रजीत एक ओळ आणि त्यात 'इमिजेटली' या शब्दाखाली दोन रेघा. मी खुर्चीवरून उठलेच.

"आण्णा, हे आत्ता पाठवायला हवं."

"कुणी सांगितलं?"

"इमिजेटली लिहिलंय. खाली रेघ पण मारलीय."

"इमिजेटली म्हणजे काय गं?"

"लगेच. ताबडतोब."

"ते शाळंत," आण्णा म्हणाले. "हितं इमिजेटली म्हणजे, मी लिहून मोकळा झालोय, आता काय व्हईल ते तुझ्या माथी. बस खाली. चहा आलाय."

चहा ते बशीत ओतून प्यायचे, आणि बशी संपेपर्यंत कुठल्याही कागदाला हात लावायचे नाहीत. त्या दिवशी बशी खाली ठेवून त्यांनी मला भिंतीकडे बघायला सांगितलं. त्यांच्या खुर्चीमागे तीन खिळ्यांना तीन तारा लटकत होत्या, खालचं टोक आकड्यासारखं वळवलेलं. आलेली पत्रं त्यात खोचलेली. पहिली तार आजची. दुसरी या आठवड्याची. तिसरी स्मरणपत्र आल्यावरची. तिसरी तार इतकी भरलेली असायची की पंखा सुरू केला की तिची पानं फडफडत राहायची. तालुक्याचं इमिजेटली दुसऱ्या तारेवर. जिल्ह्याचं इमिजेटली बहुतेक दुसऱ्याच, पण परीक्षेचा विषय असेल तर पहिल्या. बेंगळुरूचं कितीही रेघा मारलेलं असलं तरी तिसऱ्या, कारण ते फिरत फिरत खाली येईपर्यंत त्याचा साहेब बदललेला असतो, असं त्यांचं म्हणणं. मुख्याध्यापकांनाही ही व्यवस्था पाठ होती. फोनवर ते मजकूर विचारायचेच नाहीत. "कुठल्या तारंचं हाय, आण्णा?" एवढंच विचारायचे आणि निर्धास्त व्हायचे.

हे वाचून कुणाला वाटेल, आळशी माणूस असावा. तसं नव्हतं. पहिल्या तारेवरचा कागद त्यांनी कधी संध्याकाळपर्यंत राहू दिला नाही, आणि कुठलं पत्र खरोखर पेटलेलं आहे हे त्यांना जसं कळायचं तसं आमच्यात कुणालाच कळत नव्हतं. एका खेड्यातल्या शाळेची मान्यता जायची वेळ आली होती. त्या पत्रात घाईचा एकही शब्द नव्हता, शिक्का नव्हता, साधं दोन ओळींचं पत्र. आण्णांनी ते खालून वर वाचलं आणि तसेच उठून बसस्टँडकडे चालू लागले. चार वाजता बेळगावहून फोन आला की काम झालं. परत आल्यावर मी विचारलं, तुम्हाला कसं कळलं? म्हणाले, "जो खरंच मारणार असतोय त्यो वरडत न्हाय."

बोरगावच्या बाजूला एक नवीन मुख्याध्यापक आले होते, तरुण, नेमणुकीचा कागद अजून ताजा. त्यांना मुलांची यादी 'इमिजेटली' मागणारं खात्याचं पत्र आमच्याकडून गेलं. ते बिचारे भर दुपारी मोटारसायकलवरून आले ते घामानं निथळत, हातात अर्धीच यादी, आणि सांगायला लागले की घरी बहिणीला बघायला पाहुणे आलेत, त्यांना पोह्यांवर बसवून आलोय. आण्णांनी त्यांना पाणी दिलं. बसवलं. मग खात्याचं तेच पत्र त्यांच्यापुढे ठेवलं आणि तारखेवर बोट ठेवलं.

"ही तारीख वाचा, सर."

सरांनी वाचली.

"आता आमचा आवकचा शिक्का वाचा. मधे किती दिवस गेले? अकरा. लिहिणाऱ्यानं लिहिलं, मग सहीला ठेवलं, मग साहेब दौऱ्यावर गेलं, मग शिपाई रजेवर गेला. अकरा दिवस ह्या इमिजेटलीला कुणी हात लावला न्हाय. आणि तुम्ही पाव्हणं टाकून आलाय. जावा, पयलं बहिणीचं बघा."

सर हसत परत गेले. तेव्हापासून ते आण्णांचे भक्तच झाले, आणि बहिणीच्या लग्नात पहिला आहेर आण्णांचा झाला.

चेअरमनना मात्र हे सगळं सहन व्हायचं नाही. ते तंबाखूचे व्यापारी, दिवसभर वखारीत ओरडायची सवय, तीच इथे चालायची. "मगदूम, हे इमिजेटली केलं का?" "केलं, साहेब." आणि आण्णा खरंच करायचे. म्हणजे उत्तर करायचे. मला सांगायचे, टाइप कर: आपल्या पत्रास अनुसरून इमिजेटली कार्यवाही सुरू करण्यात आली आहे. कार्यवाही कसली ते लिहायचं नाही. पत्र जावकमध्ये टाकलं की महिनाभर तिकडून हूं नाही की चूं नाही. आम्ही आत खुदुखुदु हसायचो. हे सगळं आम्हाला फार शहाणपणाचं वाटायचं. आता त्या हसण्याचा मला कंटाळा येतो, पण तेव्हा हसायचे हे खरं.

घरी सुमनवैनी. आण्णांच्या पत्नी. त्या ब्लाउज शिवायच्या. माझ्या लग्नातले सगळे ब्लाउज त्यांनी शिवले, आणि अजून घातले तर शिलाई कुठे उसवलेली सापडत नाही. बुटक्या, गोऱ्या, बोलायला तिखट. आण्णांची थट्टा करायचा हक्क साऱ्या निपाणीत त्यांना एकट्यांनाच. मी माप द्यायला गेले की म्हणायच्या, "तुमच्या आण्णास्नी जेवाय हाक मारली की म्हणत्यात, आलोच. मी आमटी परत चुलीवर ठेवते. त्यांचं आलोच कुठल्या तारंवरचं हाय ते मला आवाजावरनं कळतंय." आतून आण्णांचा आवाज यायचा, "ऐकतोय गं मी." आणि तरी ते अर्ध्या तासानं यायचे.

गुरुवारचा दिवस होता. वैनींच्या डोळ्यांपुढे दोन दिवस माश्या नाचत होत्या, कोपऱ्यात मधेच वीज चमकल्यासारखं व्हायचं. दुखत काही नव्हतं. शेजारच्या बाईबरोबर त्या निपाणीतल्याच डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेल्या. डॉक्टरांनी औषध घालून तपासलं आणि बेळगावच्या, डोळ्याच्या आतल्या पडद्याच्या डॉक्टरांच्या नावानं इंग्रजीत चिठ्ठी लिहून दिली. ती चिठ्ठी वैनींनी घरी आणून आण्णांच्या हातात दिली. घरात आलेला इंग्रजी कागद आण्णांनीच वाचायचा, ही त्या घरची रीत होती. लाइटच्या बिलापासून जावयाच्या बदलीच्या ऑर्डरपर्यंत सगळं.

शुक्रवारी ती चिठ्ठी आण्णांच्या खिशात होती. चहाच्या वेळी त्यांनी बाहेर काढली. खालून वर वाचली. "बघा, डाक्टरबी आमच्या खात्यातच शिकलाय. काइंडली सी हर इमिजेटली." मग माझ्याकडे बघून विचारलं, "कुठल्या तारंवर लावू गं?"

मी म्हटलं, "दुसऱ्या, आण्णा. सोमवारी तपासणी आहे."

सोमवारी खात्याची वार्षिक तपासणी होती. बारा शाळांची रजिस्टरं आण्णांशिवाय कुणाला सापडणारी नव्हती. ते हसले. मीही हसले. शनिवारी आणि रविवारी आम्ही रजिस्टरं लावत बसलो. सोमवारी तपासणी झाली, अधिकारी खूश होऊन जेवून गेले. मंगळवारी पहाटेच्या बसनं आण्णा वैनींना घेऊन बेळगावला गेले. तोवर वैनींच्या उजव्या डोळ्यापुढे बाजूनं काळं येत येत मध्यापर्यंत आलं होतं.

बेळगावच्या डॉक्टरांनी चिठ्ठी बघितली. वरून खाली वाचली, आणि तारखेवर थांबले. आण्णांनी हे मला एकदाच सांगितलं, तेही फार नंतर. "त्यांनी विचारलं, ही गुरुवारची हाय का? मी म्हटलं व्हय. मग त्यांनी चिठ्ठीची घडी केली आणि मला परत दिली." डोळ्याचा आतला पडदा सुटला होता. सुरुवातीलाच आल्या असत्या तर डोळा राहिला असता. ऑपरेशन केलं. त्या डोळ्याला आता उजेड आणि अंधार एवढंच कळतं.

वैनींनी शिवण बंद केलं नाही, पण सुईत दोरा ओवायला शेजारच्या मुलीला हाक मारायला लागल्या. एका डोळ्यानं वस्तू किती लांब आहे ते कळत नाही. चहा ओतताना धार कपाच्या बाहेर पडायची. मी गेले की त्या आधी किटलीचं तोंड कपाच्या काठाला टेकवायच्या आणि मग ओतायच्या, आणि आण्णा ते बघायचे नाहीत, खिडकीतून बाहेर बघत बसायचे. थट्टाही थांबली. आण्णांना हाक मारली की ते पहिल्या हाकेला येऊन बसायला लागले होते.

ऑपरेशननंतर ऑफिसात आले त्याच दिवशी आण्णांनी तिन्ही तारा काढून टाकल्या. खिळे तेवढे भिंतीत राहिले. त्या दिवसापासून आलेलं प्रत्येक पत्र त्याच दिवशी बाहेर जायला लागलं. झाडं लावण्याबद्दलचं परिपत्रक असो की कुठल्याशा दिनाच्या भाषणाचा अहवाल असो, इमिजेटली शब्द दिसला की आण्णा उठायचे. मुख्याध्यापकांना फोन: "सर, आत्ताच्या आत्ता." सर विचारायचे, कुठल्या तारेचं, तर आण्णा म्हणायचे, "तार न्हाय आता. आत्ता." शिपाई दमला. मी दमले. भर दुपारी मला त्यांनी एक पाकीट देऊन बेळगावला पाठवलं. दोन तास जायला, दोन तास यायला. तिथल्या कारकुनानं पाकीट उघडून बघितलं आणि मला चहा विचारला. म्हणाला, "मॅडम, हे पुढल्या महिन्यात चाललं असतं. साहेब रजेवर हाईत." परतीच्या बसमध्ये मला आण्णांचा इतका राग आला की मी ठरवलं, उद्या तोंडावर सांगायचं. सकाळी ऑफिसात गेले तर ते माझ्या आधी येऊन बसलेले, पुढे पत्रांचा ढीग, डोळे लाल. मी ढिगातलं वरचं पत्र उचललं आणि टाइप करायला बसले.

मुख्याध्यापक हळूहळू त्यांच्या टेबलाशी यायचे बंद झाले. माणूस पूर्वी धीर द्यायचा, आता घाबरवतो, असं ते म्हणायचे. ते खरंच होतं. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे, सगळंच तातडीचं धरल्यामुळे कुठलं पत्र खरं पेटलेलं आहे हे त्यांना पूर्वीसारखं कळेनासं झालं. एका शाळेचं एक साधं पत्र ढिगात खाली राहिलं आणि तिथल्या शिक्षिकेची जागा गेली. चेअरमन ओरडले. आण्णा उभे राहून ऐकत होते. पूर्वीचे असते तर बाहेर येऊन काहीतरी बोलले असते आणि आम्ही हसलो असतो. ते आले, खुर्चीत बसले आणि पुढचं पत्र वाचायला लागले. वरून खाली.

निवृत्त झाले तेव्हा निरोपाच्या कार्यक्रमात मला बोलायला सांगितलं होतं. मी काहीतरी बोलले. तारांचा विषय काढला नाही. आता त्यांच्या खुर्चीत मी बसते.

मागच्या वर्षी कामासाठी बेळगावला गेले होते. जिल्ह्याच्या ऑफिसातलं काम लवकर आटोपलं म्हणून माझ्या चष्म्याचा नंबर तपासावा असा विचार करून डोळ्यांच्या दवाखान्यात शिरले, तर बाकावर सुमनवैनी. एकट्या. डाव्या डोळ्यात थेंब घातलेले, मिटून बसलेल्या. मी नाव सांगितल्यावर त्यांनी चाचपून माझा हात धरला.

"सकाळी डाव्या डोळ्यापुढं एक माशी दिसली," त्या म्हणाल्या. "मी नुसतं म्हटलं आणि ह्यानी शर्ट घातला. इस्त्रीचा घालायचा तरी! धरून आणलंय बघ मला. तवंदीचा घाट चढूस्तवर तीनदा विचारलं, अजून दिसतंय न्हवं? दिसतंय म्हटलं."

"आण्णा कुठायत?"

"काउंटरला उभं हाईत. आत घ्या म्हणून."

त्यांनी काउंटरच्या दिशेनं कान दिला. मग डोळे मिटूनच, आवाज खाली आणून म्हणाल्या, "तुला एक सांगू? त्या वेळी निपाणीच्या डाक्टरनं मला मराठीत सांगितलं होतं. आजच जावा. आज संध्याकाळच्या आत. दोनदा सांगितलं त्यानं. मला समजलं होतं की गं सगळं."

"मग आण्णांना सांगितलं नाही?"

"घरी आले, चिठ्ठी दिली. ह्यानी वाचली आणि म्हटलं, इमिजेटली लिवलंय, काय घाबरू नको, सोमवार झाला की जाऊ. मी मनाशी म्हटलं, वाचणाऱ्याला माझ्यापरास जास्त कळतंय. गप बसले." त्यांनी पदरानं डोळ्याखालचं पाणी टिपलं. ते औषधाचंही असेल. "आता सांगून डोळा येतोय व्हय? त्यास्नी काय बोलू नगो."

आतून नाव पुकारलं. नर्स वैनींना धरून घेऊन गेली. आण्णा काउंटरकडून घाईघाईनं आले, वैनी बाकावर नाहीत हे बघून तिथल्या तिथे थबकले, मग मला ओळखलं आणि शेजारी बसले. खूप बारीक झाले होते. शर्टाची एक गुंडी खालच्या काजात गेली होती. माझ्या नोकरीचं विचारलं, मुलाचं विचारलं. आणि मग दाराकडे बघत म्हणाले,

"एक इचारू? त्या डाक्टरनं तिला तोंडानं काय सांगितलं असंल गं? चिठ्ठीत लिवलं ते लिवलं. पर तोंडानं काहीतरी बोललाच असंल की माणूस."

मी म्हटलं, "तुम्ही वैनींनाच विचारा की, आण्णा."

"इचारायचंय," ते म्हणाले. "चार वर्सं झाली, रोज इचारायचंय."

दार उघडलं. नर्सबरोबर वैनी बाहेर आल्या. डॉक्टरांनी सांगितलं होतं, डावा डोळा ठीक आहे, ती माशी वयाची आहे, सहा महिन्यांनी दाखवा. आण्णांनी आत जाऊन डॉक्टरांना ते पुन्हा एकदा बोलायला लावलं, मग नर्सला विचारून खात्री केली. वैनी म्हणाल्या, "चला आता, बस चुकंल." आणि माझ्याकडे वळून, "ये गं घरी."

मी त्यांच्याबरोबर बसस्टँडपर्यंत गेले. निपाणीची गाडी लागलेली होती. आण्णांनी वैनींना खिडकीशी बसवलं आणि स्वतः खाली उतरून माझ्यासाठी दोन केळी घेऊन आले. मी हळूच म्हटलं, "आण्णा, आज विचारा. गाडीत दोन तास आहेत."

आण्णांनी खिडकीकडे बघितलं. वैनी काचेवर डोकं टेकून बसल्या होत्या.

"इचारीन," ते म्हणाले. "त्याला काय इमिजेटली न्हाय."

ते वर चढले. गाडी निघाली तेव्हा मला दोघंही दिसले, शेजारी शेजारी, समोर बघत बसलेले.